अलर्ट बघणार कोण? सायबर सिक्युरिटीतली माझी पीएचडी

इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला पीएचडी का करताय असं विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर एकच, असोसिएट प्रोफेसर व्हायला लागते. माझंही तेच. एम.ई. होऊन बरीच वर्षं झाली होती, डिपार्टमेंटमधले माझ्या मागून आलेले लोक रजिस्ट्रेशन करून बसले होते आणि दरवर्षी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'पीएचडी स्टेटस' या रकान्यात काहीतरी लिहायचं म्हणून मी 'इन प्रोसेस' लिहायचे, ती प्रोसेस कुठेच चालू नसायची. विषय मात्र आवडीने घेतला. नेटवर्क सिक्युरिटी मी थर्ड इयरला शिकवत होतेच, आणि ते शिकवताना पुस्तकातलं आणि बाहेरचं यात केवढं अंतर आहे हे दर सेमिस्टरला जाणवायचं.

घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "म्हणजे आता तू हॅकिंग शिकणार का गं?" इथे दीर मदतीला धावले. ते ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत आणि २०१७ च्या जूनमध्ये न्हावाशेवाला मर्स्कच्या टर्मिनलची सिस्टीम नॉटपेट्या व्हायरसने बंद पडली तेव्हा त्यांचे ट्रेलर बाहेर रांगेत उभे होते. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेली भानगड उरणच्या रस्त्यावर येऊन उभी राहते हे त्यांनीच सासऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. "वहिनी करू दे, याला स्कोप आहे." झालं, घरची एनओसी मिळाली. कॉलेजची एनओसी मिळायला जास्त वेळ लागला, पार्ट टाइम करायचं तर ती लागतेच.

फुल टाइमचा विचार केला नव्हता असं नाही. पण फेलोशिप तेव्हा जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोला) महिना ३१,००० होती (२०२३ पासून ३७,००० झाली), घराचा हप्ता, पोराची शाळा, आणि हातातली नोकरी सोडून पुन्हा मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे पवईची आयआयटी वगैरे मनातून काढून टाकलं आणि युनिव्हर्सिटीची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा दिली. पेपर अर्धा रिसर्च मेथडॉलॉजीवर आणि अर्धा विषयावर असतो. तो निघाला. खरी परीक्षा पुढे असते, गाईड मिळण्याची. युजीसीच्या नियमाने प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात, आणि मुंबईत कॉम्प्युटरचे जे गाईड आहेत त्यातले निम्मे इमेज प्रोसेसिंगवाले, उरलेले डेटा मायनिंगवाले, आणि ज्यांना सिक्युरिटी खरोखर कळते त्यांच्या जागा कायम भरलेल्या. मी फोन करायचे, समोरून "तुम्ही मेडिकल इमेजिंग घेता का?" असा प्रश्न यायचा. शेवटी दादरपलीकडच्या एका कॉलेजातले सर तयार झाले. ते मूळचे नेटवर्कवाले, बोलायला तुटक, पण पेपर वाचणारे. गाईड स्वतः पेपर वाचतो का, एवढं एकच बघून घ्या असं मी आता सगळ्यांना सांगते, बाकी स्वभाव कसाही असो.

रजिस्ट्रेशन झालं आणि लॉकडाऊन लागला. कोर्सवर्क ऑनलाइन, म्हणजे सकाळी मी माझ्या पोरांना ऑनलाइन शिकवायचे आणि दुपारी तिथेच बसून स्वतः विद्यार्थी व्हायचे, मध्ये पोराचा क्लास, एकच लॅपटॉप. रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा कोर्स तेव्हा नुकताच सक्तीचा झाला होता. सगळे त्याला कंटाळायचे, मला तो पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण आमच्या विषयात कायदा कुठे आडवा येतो हे कुणीच नीट सांगत नाही. आयटी अ‍ॅक्टचं कलम ४३ आणि ६६ वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरलात आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि "मी रिसर्च करत होते" म्हणून वेगळी सूट त्यात कुठे लिहिलेली नाही. एम.ई.ची पोरं उत्साहात येतात, मॅडम अमुक पालिकेच्या साइटवर टेस्टिंग करू का, आणि मी सांगते की लेखी परवानगी आण मग बोलू. ती काय मिळत नाही.

विषय ठरायच्या मधल्या काळात १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, माझं लेक्चर अर्ध्यात तुटलं. मग काही महिन्यांनी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर सेलच्या अहवालावरून घातपाताचा संशय बोलून दाखवला, केंद्राचे वीजमंत्री म्हणाले मानवी चूक होती, आणि एका अमेरिकन कंपनीने चिनी गटाचं नाव घेतलं. मला वाटलं, हाच विषय! पॉवर ग्रिडची सिक्युरिटी, स्काडा (ग्रिड लांबून चालवणारी कंट्रोल सिस्टीम), आपल्या शहराचा प्रश्न. सरांना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डेटा कुठून आणणार?" मी म्हटलं मिळवू. ते म्हणाले, "मंत्र्यांचं एकमत होत नाहीये की झालं काय, तुम्हाला लॉग कोण देणार?" लॉग म्हणजे सिस्टीम स्वतः लिहून ठेवते त्या नोंदी, त्या मिळणार नव्हत्या, विषय तिथेच संपला.

हा 'डेटा कुठून आणणार' प्रश्न म्हणजे आमच्या क्षेत्रातली अर्धी पीएचडी आहे. ज्यांच्याकडे हल्ल्याचा डेटा असतो त्यांना तो दाखवायची लाज आणि भीती दोन्ही वाटते, आणि ज्यांना संशोधन करायचंय ते इंटरनेटवरून फुकट मिळणारा डेटासेट उतरवून घेतात. सगळ्यात फेमस म्हणजे केडीडी ९९. अमेरिकन एअरफोर्सच्या तळासारखं नेटवर्क उभं करून १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबने ट्रॅफिक तयार केला, त्यातून हा बनला. त्यातले हल्ले बघा, स्मर्फ, टिअरड्रॉप, लँड. टिअरड्रॉपने विंडोज ९५ पडायचं हो! ट्रेनिंगच्या साधारण ४९ लाख नोंदींपैकी ७८ टक्के डुप्लिकेट आहेत हे २००९ साली कॅनडातल्या लोकांनी दाखवून दिलं आणि साफसूफ करून एनएसएल-केडीडी काढला, तर आता लोक तो वापरतात. त्यानंतरचा सीआयसी-आयडीएस २०१७, त्याच कॅनडातल्या युनिव्हर्सिटीचा, सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांचा ट्रॅफिक, सोमवारी सगळं सभ्य आणि मंगळवारपासून हल्ले. त्यातही फ्लो मोजणाऱ्या टूलमध्ये आणि लेबलमध्ये चुका होत्या हे नंतर निघालं. आणि यावर दर आठवड्याला कुणीतरी नवीन डीप लर्निंग मॉडेल लावून ९९.८७ टक्के अ‍ॅक्युरसी काढतो. सोर्स आयपीचा कॉलम तसाच ठेवला तर मॉडेल हल्ला ओळखायला शिकतच नाही, हल्ला करणाऱ्या मशीनचा पत्ता पाठ करतं, आणि रिझल्ट मात्र झकास येतो. असे रिपोर्ट मी एक्स्टर्नल म्हणून किती तरी तपासलेत.

मध्ये थोडे दिवस हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांना फसवायला मांडलेलं खोटं मशीन, तोही लावून बघितला. काउरी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खोटा एसएसएच (लांबून लॉगिन करायचा) सर्व्हर उभा करतं आणि आत शिरलेला माणूस काय काय टाइप करतो ते लिहून ठेवतं. कॉलेजच्या नेटवर्कवर लावायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून क्लाउडवर स्वतःच्या पैशाने छोटं मशीन घेतलं. चालू केल्यावर चहा गाळून होईपर्यंत पहिला लॉगिनचा प्रयत्न आला. रूट, अ‍ॅडमिन, १२३४५६, तेच ते. २०१६ साली मिराय बॉटनेटचा (ताब्यात घेतलेल्या मशीनच्या जाळ्याचा) सोर्स कोड उघड झाला, त्यात कॅमेरे आणि राउटरच्या डिफॉल्ट पासवर्डच्या साठ-बासष्ट जोड्या होत्या, त्या अजूनही जगभर फिरतायत. बघायला मजा येते, पण सरांचं म्हणणं पडलं की हे सगळं झाडून इंटरनेटचं पार्श्वसंगीत आहे, यात प्रश्न कुठाय? बरोबर होतं त्यांचं.

मग त्यांनी मला दोन जुने पेपर दिले. एक स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांचा १९९९ चा, दुसरा सॉमर आणि पॅक्सन यांचा २०१० चा. पहिल्यातलं गणित आठवीच्या पोराला समजेल इतकं साधं आहे. धरून चाला की एका छोट्या बँकेच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख कनेक्शन होतात आणि त्यातली खरोखर वाईट १० आहेत. तुमची हल्ला ओळखणारी सिस्टीम ९९ टक्के हल्ले पकडते आणि चांगल्या कनेक्शनवर फक्त १ टक्का वेळा उगीच ओरडते. ऐकायला भारी वाटतं. पण १ टक्का म्हणजे दिवसाला जवळजवळ १०,००० खोटे अलर्ट ('इथे काहीतरी गडबड आहे' असे सिस्टीमचे इशारे), त्यात कुठेतरी ते १० खरे. एक माणूस एका अलर्टला तीन मिनिटं देत असेल तर आठ तासांत १६० अलर्ट बघेल, तेसुद्धा जेवणाची सुट्टी न घेता. सरांनी कागदावर हे मांडलं आणि म्हणाले, "आता सांगा, बघणार कोण?"

तिथे मला माझा विषय मिळाला. हल्ला पकडणारं अजून एक मॉडेल काढायचं नाही, येणाऱ्या अलर्टपैकी आज कुठले ४० बघावेत एवढंच ठरवायचं. आणि तेही मोठ्या बँकेसाठी नाही, तिथे तीन शिफ्टमध्ये सॉक (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, अलर्टवर नजर ठेवणारी टीम) चालतो, भिंतभर स्क्रीन असतात. नागरी सहकारी बँकेसाठी, जिथे आयटी डिपार्टमेंट म्हणजे एक साहेब, एक पोरगा आणि एसी चालणारी एक खोली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले तेव्हापासून या बँकांची झोप उडालेलीच होती. ३१ डिसेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सिक्युरिटीची चार पातळ्यांची चौकट आणली, बँक जितकी डिजिटल तितक्या अटी जास्त, सगळ्यात वरच्या पातळीला सॉकही. खालच्या पातळ्यांवरच्या बँकांनीही घाबरून हल्ले ओळखणारी टूल घेतली. टूल घेतलं की अलर्ट येतात. अलर्ट आले की परत तोच प्रश्न.

बँक शोधण्यात किती काळ गेला ते सांगत नाही, रडगाणं होईल. ओळखीने जायचे, चेअरमन चहा पाजायचे, "आपल्या मराठी मुलीने असं काम करावं याचा अभिमान आहे" वगैरे म्हणायचे आणि लॉग म्हटलं की चेहरा बदलायचा. एका ठिकाणी तर मला रिझर्व्ह बँकेने गुपचूप पाठवलंय का अशी शंका घेतली. त्यांचं चुकत नव्हतं म्हणा, लॉगमध्ये काय निघेल ते त्यांना तरी कुठे माहीत होतं. शेवटी परळच्या बाजूच्या एका बँकेचे आयटी ऑफिसर तयार झाले, आणि त्यांनी संचालक मंडळाकडून मंजुरीही काढून दिली, अट एकच, डेटा इमारतीबाहेर जाणार नाही. "मॅडम, डेटा तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही डेटाकडे या." पेनड्राइव्ह नाही, इंटरनेट नाही, फोन बाहेरच्या टेबलावर. आयपी अ‍ॅड्रेस आधी बदलून मगच माझ्या समोर येणार. त्यासाठी क्रिप्टो-पॅन नावाची जुनी पद्धत वापरली, तिच्यात खरा पत्ता झाकला जातो पण एका शाखेतली मशीन बदलल्यावरही एका गटातच राहतात, त्यामुळे कोण कुणाशी बोलतंय ते दिसतं आणि कोण आहे ते कळत नाही. मी फक्त शेवटचे आकडे कागदावर लिहून न्यायचे, तेही साहेब वाचून सही करणार.

दुसरा आणि चौथा शनिवार, बँक बंद. म्हणजे माझा कामाचा दिवस. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली तेव्हा जाणं सुरू केलं, भांडुपहून स्लो पकडायची, डब्यात प्रिंट काढलेला पेपर वाचायचा, परळला उतरायचं. माझ्या डब्यातल्या बायकांना वाटायचं मी सीएची परीक्षा देतेय. नवरा म्हणायचा, "तू डेटा आणायला जातेस की हजेरी लावायला?" दोन्ही खरं होतं.

आता खरी गोष्ट. मॉडेलला शिकवायचं तर आधी कुणीतरी सांगावं लागतं की हा अलर्ट खरा होता आणि हा खोटा. पुस्तकात याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात आणि तो जणू आकाशातून पडतो. माझ्याकडे लाखो अलर्ट होते, एकालाही लेबल नाही. एकदा डबा खाताना साहेबांना म्हटलं की तुम्ही बंद केलेल्या अलर्टचं कारण टूलमध्ये का नाही लिहीत, तर म्हणाले टूलमध्ये लिहायला तीन स्क्रीन उघडाव्या लागतात, कोण करतो, मी डायरीत लिहितो. आणि ड्रॉवरमधून बँकेच्या दरवर्षीच्या डायऱ्या काढल्या. निळ्या शाईत, तारीखवार. 'रात्री १.४० बॅकअप, नेहमीचं.' 'विरार शाखा लिंक तीनदा गेली, स्कॅनसारखं दिसतं पण नाही.' 'तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर पुन्हा.' 'ऑडिटरवाल्यांचं स्कॅनिंग, दोन दिवस दुर्लक्ष.' आणि मधूनच, 'हे काय आहे कळलं नाही. मशीन काढून ठेवलं. फॉरमॅट.' मी ते वाचतच बसले. जगभरच्या पेपरमध्ये जे कुणाकडे नाही ते या माणसाच्या ड्रॉवरमध्ये होतं. डायरी आणि अलर्ट जुळवण्यात पुढचं बरंच काम गेलं, कारण साहेब वेळ अंदाजे लिहायचे आणि कधी कधी दोन दिवसांचं एकदम, पण जुळलं. जिथे जुळलं नाही तिथे आम्ही दोघं बसून ठरवायचो, ते एक म्हणायचे मी दुसरं, आणि आमचं किती वेळा पटलं नाही तेही मी थिसिसमध्ये छापलं. सर म्हणाले होते, ते लपवू नका, तोच तुमचा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे.

दुसरी शिकवण मार्च एंडची. साधारणपणे लोक सगळा डेटा शफल करतात, ७० टक्क्यांवर मॉडेल शिकवतात, ३० टक्क्यांवर तपासतात. पण शफल केलं की मेचं कनेक्शन ट्रेनिंगमध्ये जातं आणि फेब्रुवारीचं टेस्टमध्ये, म्हणजे मॉडेल भविष्य वाचून भूतकाळ ओळखतंय. मी तारखेप्रमाणे तोडलं, जुन्यावर शिकवायचं आणि पुढच्या महिन्यावर तपासायचं. रिझल्ट धाडकन खाली आले आणि ३१ मार्चच्या आठवड्यात तर मॉडेल वेडंच झालं, सगळ्या शाखा रात्री दहापर्यंत चालू, दिवसअखेरचं काम मध्यरात्री, हेड ऑफिसकडे फायलींचा पूर. त्याला वाटलं बँकेवर युद्ध झालंय. साहेब खो खो हसले, म्हणाले, "अहो मॅडम, मार्चमध्ये मलाही तसंच वाटतं." मग कॅलेंडर आत घातलं. पेन्शनचे दिवस, तिमाहीअखेर, सणाच्या सुट्ट्या. गणपतीत शाखा बंद असताना कुणी लॉगिन करत असेल तर तो वर आला पाहिजे, आणि मार्चमध्ये रात्री नऊचं लॉगिन खाली गेलं पाहिजे. यात डीप लर्निंग कुठेच नव्हतं, साधं ग्रेडियंट बूस्टिंग (मशीन लर्निंगची एक जुनी पद्धत) आणि बँकेचं वेळापत्रक. प्रोग्रेस सेमिनारला एका मॅडमनी नाराजीने विचारलं, "यात नॉव्हेल्टी काय?" हा प्रश्न प्रत्येक सेमिनारला येतो, तयारी ठेवा. मी म्हटलं, हे त्या खोलीत चालतं. त्या म्हणाल्या, "ती नॉव्हेल्टी नाही." सरांनी मध्ये पडून विषय बदलला.

पेपरचा भाग थोडक्यात सांगते कारण त्यातून बाहेर पडायला मला फार वेळ लागला. माझं रजिस्ट्रेशन २०१६ च्या नियमांखालचं, त्यात थिसिस द्यायच्या आधी जर्नलमध्ये एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन सक्तीची होती. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण इंटरव्ह्यूला बसलेले लोक विचारतातच, त्यामुळे नव्या मुलांनी खूश होऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मेसेज यायचे, सात दिवसांत पब्लिकेशन, गॅरंटीड, इतके पैसे. कॉलेजात काही जणांनी केलं. यातली काही जर्नल तर खऱ्या जर्नलची नावं चोरून बनवलेली असतात, वेबसाइटसकट. सायबर सिक्युरिटीत पीएचडी करणारा माणूस फिशिंग साइटला पैसे भरून पेपर छापतो यापेक्षा मोठा विनोद मला माहीत नाही. चांगली जर्नल ओळखायला युजीसीची केअर यादी होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंदच केली, आता ज्याने त्याने बघून घ्यायचं. माझा पेपर एका बऱ्या जर्नलने दोनदा सुधारायला लावून घेतला, आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरने काय विचारलं असेल? एनएसएल-केडीडीवर तुलना का नाही केली! एका खऱ्या बँकेचे महिनोन्महिन्यांचे अलर्ट समोर ठेवले होते आणि या रिव्ह्यूअरला एअरफोर्सचा तळ हवा होता. सर म्हणाले, "वाद घालू नका, एक टेबल टाका आणि खाली लिहा की याचा काही उपयोग नाही." टाकलं, सभ्य भाषेत.

थिसिस लिहिणं म्हणजे पहाटेचं काम, घर उठायच्या आत. सासूबाईंनी त्या काळात डबे केले, मी ते मान्य करते आणि ते आभारप्रदर्शनात पहिल्या पानावर आहे, सरांच्याही आधी. बायकांना नियमाने मुदतीत दोन वर्षं जास्त मिळतात, मला ती लागली नाहीत पण ती आहेत हे माहीत असणंच धीर देतं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर हा एक वेगळाच छळ. युजीसीच्या नियमाने १० टक्क्यांपर्यंत चालतं, आणि आमच्या विषयात प्रोटोकॉलची नावं, लॉगच्या ओळी, अल्गोरिदमच्या पायऱ्या सगळीकडे सारख्याच असणार, ते सगळं लाल होऊन यायचं. एक पोर्ट नंबर मी दुसऱ्या शब्दांत कसा लिहू?

एक्स्टर्नल परीक्षकांचे रिपोर्ट यायला वाट बघावी लागली, मग व्हायवाची तारीख. व्हायवा सगळ्यांना खुला असतो, माझे विद्यार्थी मागे बसले होते आणि आयटी ऑफिसर साहेबही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेचं नाव कुठेही येणार नाही याची मला दोनदा आठवण करून देऊन. एक्स्टर्नल सर शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही कॉसमॉसचा उल्लेख पहिल्या प्रकरणात केलाय. तुमची सिस्टीम तिथे असती तर तो हल्ला पकडला असता का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी पोटात गोळा आला. कॉसमॉसमध्ये काय झालं होतं, तर चोरांनी एटीएमच्या व्यवहारांसाठी एक खोटा स्विच (एटीएमची विनंती बँकेपर्यंत नेणारी मधली सिस्टीम) उभा केला. २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढायच्या विनंत्या आल्या, त्या बँकेच्या खाती सांभाळणाऱ्या कोअर सिस्टीमपर्यंत पोचल्याच नाहीत, मधल्या खोट्या स्विचनेच 'हो, द्या' असं उत्तर दिलं. म्हणजे पैसे जात होते आणि कोअर सिस्टीमला त्याचा पत्ता नव्हता. दोन दिवसांनी स्विफ्टमधून (बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या नेटवर्कमधून) वेगळे जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला गेले. मी सांगितलं, पैसे निघत होते तेव्हा माझी सिस्टीम काही करू शकली नसती, कारण मी अलर्टना क्रम लावते, आणि जिथे अलर्टच निर्माण होत नाही तिथे क्रम कशाला लावणार. त्याआधी, चोर आतल्या मशीनवरून मशीनवर सरकत असताना टूलने काही उठवलं असतं, तर ते त्या दिवशीच्या पहिल्या ४० मध्ये आलं असतं का हे मला सांगता येईल, पण त्यासाठी त्यांचे लॉग लागतील आणि ते माझ्याकडे नाहीत. एक्स्टर्नल म्हणाले, "म्हणजे उत्तर नाही असं आहे." मी म्हटलं, हो सर, नाही असंच आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, क्रिप्टो-पॅनवरचा, तो सोपा होता. मागे बसलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने नंतर मला विचारलं की मॅडम तुम्ही हो का नाही म्हणालात, कोण तपासणार होतं? त्याला पुढच्या सेमिस्टरला मीच प्रोजेक्ट गाईड आहे.

नोटिफिकेशन निघालं, थिसिस शोधगंगेवर (देशभरच्या थिसिसच्या ऑनलाइन भांडारावर) चढला, कॉलेजच्या ऑफिसने अजून तीन झेरॉक्स मागितल्या. साहेब गेल्या वर्षी रिटायर झाले. जाताना त्यांनी डायऱ्या नव्या मुलाकडे सोपवल्या आणि माझा नंबर दिला, त्यामुळे तो मधूनमधून फोन करतो. आता बँकेने नवीन प्रॉडक्ट घेतलंय, एआयवालं. अलर्ट पहिल्यापेक्षा दुप्पट येतात म्हणाला. ब्रोशरवर ९९.९ टक्के अ‍ॅक्युरसी छापलीय. मी विचारलं, कुठल्या डेटावर मोजलीय ते विचार ना त्यांना. "विचारून सांगतो मॅडम" म्हणाला. दोनदा आठवण केली, कंपनीकडून अजून काही उत्तर आलेलं नाही.